वाणी बाईंची उभी पंगत

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्यामुळे कुठे चार शब्द बोलायला उभं केलं की लोक हमखास विचारतात, तुम्ही सर्वांत जास्त ऋणी कोणाचे? आईवडिलांचं नाव यावं अशी त्यांची अपेक्षा असते, नाहीतर कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांचं. मी मंदाकिनी वाणी हे नाव घेतो. मग विचारतात, त्या तुम्हाला काय शिकवायच्या? खरं म्हणजे कुठलाच विषय नाही. धुळ्याच्या आमच्या शाळेत त्या मुलींना गृहशास्त्र शिकवत आणि मी तिथेच इतिहासाचा नवा मास्तर म्हणून लागलो होतो. "केक शिकवला," असं मी सांगतो. लोक हसतात. मीही हसतो, पण मी थट्टा केलेली नसते.

मी रावेरकडचा. घर केळीवाल्यांचं. रुजू झालो तेव्हा दोन पांढरे शर्ट, एक पत्र्याची पेटी आणि शहरातल्या माणसांशी बोलायची भीती एवढं घेऊन आलो होतो. तोंड उघडलं की गावचं बोलणं बाहेर पडेल म्हणून मी तोंडच उघडत नसे. शिक्षकांच्या खोलीत कोणी काही विचारलं तर "हो", "नाही" आणि "छान" एवढ्या तीन शब्दांवर माझं भागत होतं. राहायला जागा मिळाली ती वाणी बाईंच्या घरामागची खोली. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मागच्या दारातून हाक मारली, "अहो सर, या जरा. एक खड्डा बुजवायचा आहे."

मला वाटलं अंगणात काही काम असेल. बाह्या सारून गेलो. ओट्यावर एक केक होता, मधोमध बसलेला. त्या खळग्यात बाई श्रीखंड भरत होत्या.

"खड्डा पडला," त्या म्हणाल्या. "पडला तर रडत बसायचं नाही, भरायचा. खाऊन सांगा, कसं झालंय?"

मी आयुष्यात पहिल्यांदा केक खाल्ला. म्हणालो, "छान."

"छान म्हणजे काय?"

"म्हणजे… छान."

"गोड छान, का खुसखुशीत छान, का फुकटात मिळालं म्हणून छान? सर, या घरात छान हा शब्द चालत नाही. छान म्हणजे माणसाला काही सांगायचं नाही. दुसरा तुकडा घ्या आणि नीट सांगा."

मी दुसरा तुकडा चघळत बराच वेळ विचार केला आणि जे मनात आलं ते गावच्याच बोलीत बाहेर पडलं. मधे शिऱ्यासारखा लागतो, म्हणालो, पण कडेला खीर आटवलेल्या पातेल्याच्या खरवडीसारखा.

बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "खरवड!" त्या ओरडल्याच. "अहो, ऐकलंत का? खरवड म्हणतोय हा! इतकी वर्षं केक करते, मला हा शब्द कोणी दिला नाही." आतून त्यांचे यजमान, टपाल खात्यातले वाणीकाका, "हं," एवढंच म्हणाले. ते केक चहात बुडवून खात आणि सगळ्याच गोष्टींना "हं" म्हणत. त्या दिवसापासून शाळेत मी "सर" राहिलो तरी घरी बाईंचा "प्रभाकर" झालो.

बाई ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आणि अंबाड्यात फुलाच्या जागी स्वेटर विणायची एक लांब सुई. ती सुई त्यांची सर्व कामं करी. फळ्यावर बोट दाखवायला, उनाड मुलीच्या वेणीला टोचायला, पाठ खाजवायला (हे त्या नाकबूल करत) आणि मुख्य म्हणजे केक झाला की नाही बघायला. केकात सुई खुपसायची, बाहेर काढून उजेडात धरायची, कोरडी असेल तर पदराला पुसून परत अंबाड्यात. स्वेटर त्यांनी जन्मात विणला नाही. धुळ्याच्या हवेत स्वेटर कोणाला घालणार?

त्यांचा ओव्हन म्हणजे एक गोल, चकचकीत अॅल्युमिनियमचं भांडं, झाकणाच्या मधोमध काचेचा डोळा आणि मागे जाड वायर. तो लावला की घरातले दिवे मंद होत. शेजारपाजारच्यांना त्यावरून कळे की बाईंनी केक लावला. बाई पाटावर बसून त्या डोळ्यातून आत बघत राहत. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं चालत नसे. "केकला घाई कळते," त्या म्हणत. "कुत्र्याला भीती कळते ना, तशी." अंडं घरात येत नव्हतं. दही, सोडा आणि काळी पडलेली केळी यांच्यावर त्यांचा केक फुगे. मी गावाहून येताना पिकून गळालेली केळी आणू लागलो. घरी नाना, म्हणजे माझे वडील, ती गुरांपुढे टाकत. बाई ती हातात घेऊन म्हणत, "वेडे आहात तुम्ही केळीवाले. हिरवी केळी दिल्लीला पाठवता आणि खरी केळी बैलाला घालता."

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमारास बाईंचा खरा मोसम सुरू होई. खानदेशात त्या दिवसांत घरोघरच्या बाया रवा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात आणि आपल्या मालाची बिस्किटं, नानकटाई भाजून डबे भरून आणत. सुट्टीत नातवंडं येणार, लेकी येणार, डबा भरलेला हवा. आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये म्हणून बाया भट्टीपाशी राखण करत बसत. त्या गर्दीत बाई आपल्या वर्गातल्या मुलींना घेऊन जात. मुख्याध्यापकांना ते पटत नसे.

"बाई, शाळेच्या मुली बेकरीत?"

"सर, तुम्ही शाळेत भट्टी बांधून द्या. पुन्हा गेले तर सांगा."

भट्टीवाले चाचा बाईंना बघून आधी डोक्याला हात लावत, कारण बाई आल्या की रांगेतल्या प्रत्येक बाईचं पीठ चाखून त्यात काय कमी ते मोठ्याने सांगत. "तूप कोमट झालंय हो तुमचं, पसरणार ही नानकटाई." "मीठ? चिमूटभर घाला, गोडाला गोडी येते." भांडण होणार असं वाटे तोवर ती बाई आपला डबा पुढे करून म्हणे, "मंग तुम्हीच मळा ना!" आणि बाई मळत. एका दुपारी मी त्यांना बोलवायला गेलो तर चाचा स्वतः बाहेर ओट्यावर चहा पीत बसले होते आणि आत बाई, त्यांच्या मुली आणि अर्धी गल्ली भट्टी चालवत होती. "सुट्टी दिली मला बाईंनी," चाचा म्हणाले.

बाईंचा एक वेडा विचार होता. उन्हाळ्यात घरात माणसं जमतात तेव्हा चूल पेटवू नये. आदल्या दिवशी करून ठेवता येईल, गार खाता येईल असं सगळं करावं, एका जागी मांडावं, आणि ज्याने त्याने घ्यावं. म्हणजे घरातली बाई धुरात न राहता माणसांत राहते. पुण्याला एका लग्नात त्यांनी असं जेवण पाहिलं होतं. लोक त्याला बुफे म्हणत आणि नावं ठेवत. बाई त्याला उभी पंगत म्हणत. ती घालायची संधी मात्र त्यांना धुळ्यात कोणी देत नव्हतं. ती मिळाली माझ्या घरी, आणि ती हौस म्हणून नाही, अडचण म्हणून.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशातल्या लेकीला दिवाळीला माहेर चुकलं तर चालतं, आखाजीला चुकलं तर ती वर्षभर बोलून दाखवते. सकाळी पितरांना घागर आणि नैवेद्य, मग झोके, गाणी, पुरणपोळी, आमरस आणि कोणी काम न सांगणारे चार दिवस. त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीची, सुलूची, लग्नानंतरची पहिली आखाजी होती. आणि नेमकं त्याच चैत्रात मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी बजावलं होतं, धुराजवळ जायचं नाही, खाली वाकायचं नाही. मोठा मुलगा मी, बिनलग्नाचा. घरात दुसरी बाई नाही. नानांनी निरोप धाडला, पोरींना कळव, यंदा येऊ नका. लेकींना माहेरी बोलावून चुलीपुढे बसवायचं नाही, हा त्यांचा बाणा होता आणि तो बरोबरच होता.

तिन्ही बहिणींना लिहायची कार्डं घेऊन मी बाईंच्या ओसरीवर बसलो. थोरल्या दोघींची लिहून झाली. सुलूचं कार्ड कोरंच राहिलं. तिच्या सासरी काय बोलतील ते मला ऐकू येत होतं. पहिल्या आखाजीलाच माहेरानं दार लावलं.

बाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"चूल पेटलीच पाहिजे असं कोणी सांगितलं?"

"बाई, आखाजी आहे."

"मला माहीत आहे काय आहे. मी शिरपूरची आहे, लंडनची नाही." त्यांनी लिहिलेली दोन्ही कार्डं उचलली, फाडली आणि चुलीत घालायला काकांकडे दिली. काका म्हणाले, "हं." "नवी कार्डं आण," बाई मला म्हणाल्या. "आणि एकच शब्द लिही. या."

उभी पंगत मांडायला बाई स्वतःच माझ्याबरोबर निघाल्या. एस.टी.ने धुळे ते जळगाव, जळगाव ते रावेर. बाईंच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला ओव्हन, माझ्या मांडीवर नानकटाईचे डबे. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला आणि त्या गोल गाठोड्याकडे बघत राहिला.

"बाई, हाई काय शे? बाळ शे का भांडं?"

"बाळच शे," बाई म्हणाल्या. "तापट शे. हात लावू नको."

"मंग त्यानं अर्धं तिकीट काढा."

"काढते ना. पण त्याले खिडकीपाशी जागा दे."

सगळी गाडी हसली आणि खिडकीची जागा खरोखरच मिळाली.

गावी मात्र कोणी हसलं नाही. नानांचे थोरले भाऊ आबा ओसरीवर बसले होते. भाऊबंदांत त्यांचा शब्द शेवटचा. बाईंचा बेत ऐकून त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"मास्तरीणबाई, पितरायले काय केक घालसान का?"

"नैवेद्याचं पुरण मी करते, आबा. एका ताटापुरतं, स्टोवर, बाहेर. पितर एकटे जेवतात, त्यांना पंगत लागत नाही. पंगत आपल्याला लागते."

"अंडं असंन त्याच्यात."

"तुमच्या बागेतलं केळं आहे. आता तुमच्या केळीत अंडं असेल तर ते तुम्ही बघा."

आबांना पटलं असं काही चेहऱ्यावर दिसलं नाही. नाना तर नजरच देत नव्हते. माय डोळ्याला हिरवी पट्टी बांधून खाटेवर बसली होती. तिला स्वयंपाकघरापासून लांब असं मी पहिल्यांदाच बघत होतो. हात मांडीवर ठेवून ती पाहुण्यासारखी अवघडली होती.

आदल्या दिवशी सकाळी बाईंनी अंगणाच्या कोपऱ्यात रॉकेलचा स्टो मांडला. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या करायच्या होत्या. प्रवासाला नेतात त्या. दोन दिवस मऊ राहतात. पीठ मळायचं काम माझ्याकडे. रस्त्यावरून जाणारा एकेक माणूस थांबून बघत होता.

"काय रे प्रभाकर, बी.ए. झाला अन् पीठ मयतो?"

"एम.ए. झाला की लाटणार आहे," बाई परस्पर उत्तर देत.

पन्ह्याच्या आणि रसाच्या घागरी आम्ही केळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात, ओल्या मातीत गळ्यापर्यंत पुरून ठेवल्या. वर केळीची पानं. घट्ट दह्याचं मडकं तिथेच. बाहेर पाखरं झाडावरून पडतील असं ऊन आणि आत बागेत पायाला गारवा. बाई पाटात पाय सोडून बसल्या आणि म्हणाल्या, "एवढा मोठा फ्रीज असून तुम्ही लोक उकाड्याची तक्रार करता."

केकने मात्र दगा दिला. गावातली वीज मधेच अशी मंदावली की ओव्हनच्या डोळ्याशी बसलेल्या बाईंना आतला केक हळूहळू खाली बसताना दिसला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी सुई खुपसली, काढली, पदराला पुसली. "भाजला आहे. बसला आहे एवढंच," त्या म्हणाल्या. "थोडा रस आटवायला ठेव." दुसऱ्या दिवशी त्या खळग्यात आटवलेला आंब्याचा गोळा पिवळाधमक बसला, आणि पाहणाऱ्यांना वाटलं हा असाच करतात.

आखाजीला तिन्ही बहिणी आल्या. त्यांना सोडायला जावई आले. आबांचं बिऱ्हाड आलं. घागर भरली, पितरांना ताट दाखवलं. मग दारच्या कडुनिंबाखाली आम्ही ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली, तिचा मागचा फाळका खाली सोडला आणि त्यावर केळीची पानं अंथरून सगळं मांडलं. दशम्या, हिरव्या मिरचीचा ठेचा, दही, काकडीची कोशिंबीर, ढोकळा, आमरस, पन्हं, नानकटाईच्या राशी आणि मधोमध केक. एका बाजूला ताटं. बाईंनी पदर खोचला आणि हाक दिली, "चला, या! घ्या!"

कोणी आलं नाही.

पुरुष ट्रॉलीच्या कडेला ओळीने जमिनीवर मांडी घालून बसले. अंगवळणी तेच. बाया भिंतीच्या सावलीला उभ्या राहिल्या, पुरुषांचं उरकण्याची वाट पाहत. बाईंना वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा हाक दिली. बसलेले पुरुष उठून उभे राहिले, तेवढंच.

"पाव्हणे, घ्या तुम्ही आधी."

"छे, छे, आबांनी घ्यावं."

"आमचं काय, आम्ही घरचे. जावयानं घ्यावं."

जावई दोन पावलं मागे सरले. आमच्याकडे आपल्या हाताने आपलं ताट भरून घेणं म्हणजे अधाशीपणा. कोणी आग्रह करायचा, आपण नको म्हणायचं, त्याने पुन्हा वाढायचं, तेव्हा कुठे घास गोड. सासऱ्याच्या दारी एखाद्या जावयाने आपणहून ढोकळा उचलला असता तर त्याचं नाव तालुक्यात झालं असतं. सगळ्यांना भूक लागलेली, समोर अन्न, आणि सगळे हात पाठीमागे बांधून उभे. माश्या तेवढ्या मोकळेपणाने जेवत होत्या. पन्हं तापत चाललं. सुलू भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. तिच्या नवऱ्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. नाना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "म्हनून सांगत होतो, बोलवू नको."

बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "चुकलं रे माझं. पुण्याला माणसं तुटून पडली होती. मला वाटलं, ताटं दिसली की माणसं येतातच." त्यांचा चेहरा मी असा पडलेला कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी आबांकडे पाहिलं. लग्नाच्या पंगतीत आबांचा आग्रह प्रसिद्ध होता. ते जिलबी घेऊन निघाले की माणसं पानावर दोन्ही हात आडवे धरत. आदल्या रात्रीच मायने हे बाईंना हसत हसत सांगितलं होतं.

बाईंनी अंबाड्यातली सुई काढली आणि रसाच्या पितळी घागरीवर ठणठण वाजवली.

"ऐका! माझं सांगायचं राहिलं. या पंगतीचा एक नियम आहे. स्वतःचं ताट कोणी स्वतः भरायचं नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचं भरायचं. ज्याचं भराल त्याला आधी विचारायचं, तुला काय आवडतं. आणि सुरुवात घरातल्या बायांच्या ताटांपासून. आबा, तुम्ही थोरले. सुलूची पहिली आखाजी आहे. तिला आग्रह करणारा या गावात दुसरा कोणी असेल तर सांगा, मी त्याला बोलावते."

हा नियम तिथल्या तिथे जन्मला होता हे फक्त मला कळलं. आबांनी टोपी नीट केली. इतक्या लोकांसमोर त्यांच्या आग्रहाचा प्रश्न निघाला होता. ते पुढे आले, ताट घेतलं आणि सुलूसमोर जाऊन उभे राहिले.

"बोल व माय. काय आवडतं तुले?"

सुलू लाजली. "नानकटाई, आबा."

"अन् काय?"

"बस."

"बस काय बस!" आबांना आता चेव आला. "ढोकया घे. अजून एक घे. माह्या हातानं देतो, नाही म्हनू नको. रस कोठी हाय? वाटी आना रे!"

धरण फुटावं तसं झालं. थोरल्या जावयाने आबांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, ताट भरलं. काकूंनी त्याचं भरताना सूड घेतला. एक बहीण दुसरीच्या ताटात ठेचा वाढून पळाली. नको, नको म्हणायला, पुरे, पुरे म्हणायला, शपथा घालायला सगळ्यांना मोकळं रान. दशम्या बघता बघता सरल्या. बाया आणि पुरुष एकाच सावलीला, हातात ताट घेऊन, एकाच वेळी जेवत होते. आमच्या दारात हे कधी घडलं नव्हतं, आणि ते घडतंय हे लक्षात यायला कोणाला सवडही नव्हती.

त्या गलक्यात नाना ताट घेऊन खाटेपाशी गेले. माय उठायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती त्यांच्यासमोर कधी बसून राहिली नव्हती. त्यांनी हातानेच खूण केली, बस. मग बराच वेळ ताटाकडे बघून विचारलं, "तुले काय आवडतं व?"

माय हसली. "काय सांगू बाप्पा. जे उरतं ते."

आसपासचे हसले. नाना हसले नाहीत. ते तसेच उभे राहिले. "नाही," ते म्हणाले. "सांग."

तिने खरंच विचार केला. एक डोळा पट्टीखाली, दुसरा मिटलेला. मग म्हणाली, "खरवड. भांड्याची खरवड आवडते मले. आधी पोरं खात नव्हते म्हनून खाल्ली, मंग आवडाले लागली."

नानांना खरवड कुठून आणावी कळेना. ते भोवती पाहू लागले. बाई तोवर केकपाशी पोहोचल्या होत्या. त्यांनी कडेचा, तांबूस करकरीत झालेला भाग सुरीने गोलाकार काढला आणि नानांच्या हातातल्या ताटात ठेवला. नानांनी तो मायच्या हातात दिला. तिने चावला. कुर्रर असा आवाज आला आणि तिचा मोकळा डोळा मोठा झाला.

सगळ्यांची ताटं भरली होती, एक सोडून. बाई फाळक्याला टेकून रिकाम्या हाताने सगळ्यांकडे बघत होत्या. नियम त्यांचा, त्यामुळे त्यांनाही स्वतः घेता येत नव्हतं. ते दिसलं फक्त मायला, एका डोळ्याने. ती खाटेवरून उठली, सुलूच्या खांद्याला धरून ट्रॉलीपाशी आली आणि चाचपत चाचपत एकेक जिन्नस ताटात ठेवत गेली. बाईंनी पहिला घास घेतला.

"कसं झालं, बाई?" मायने विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "छान."

मी तिथेच होतो. मी त्यांच्या ताटात केकचा दुसरा तुकडा ठेवला.

पुढे मी धुळ्याची नोकरी सोडून आमच्या तालुक्यात फैजपूरला आलो. बाई निवृत्त झाल्या आणि काकांना घेऊन मुलीकडे बडोद्याला निघाल्या. त्यांना निरोप द्यायला मी धुळ्याच्या बसस्थानकावर गेलो. ओव्हन मला दिला होता. तो चादरीत गुंडाळून माझ्या काखेत. गाडी हलली तेव्हा खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला, हातात सुई. ती त्यांनी माझ्याकडे टाकली आणि ओरडल्या, "पदराला पुसायची! तुला पदर नाही, बायको आली की तिच्या!" काका काय म्हणाले ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण मला माहीत आहे. नंतर भेट झाली नाही. बाईंचा तो बाहेर काढलेला हात आणि मोकळा झालेला अंबाडा, एवढं मला शेवटचं दिसलं. बडोद्याला पोहोचल्यावर त्यांचं कार्ड आलं होतं. त्यावर एकच ओळ होती: आखाजीचं नीट लिहून कळव. मधे माझं लग्न झालं, मग आखाजी आली, आणि मी लिहिलं ते असं.

"तीर्थस्वरूप बाईंस, साष्टांग नमस्कार.

आखाजी काल झाली. 'नीट लिही' म्हणालात म्हणून छान हा शब्द टाळून लिहितो.

मायचा दुसरा डोळाही झाला. आता तिला सगळं दिसतं आणि ती सगळ्यांना धारेवर धरते. चूल पेटवायला मोकळी आहे, तरी आखाजीला तिने पेटवली नाही. म्हणाली, आमच्याकडे आता चाल नाही.

ट्रॉली निंबाखालीच लावली. सुलूची मुलगी यंदा ताट धरण्याइतकी झाली. तिने आबांचं ताट भरलं. आबांनी 'बस' म्हटलं तर ती म्हणाली, बस काय बस. आबांना त्यांचंच औषध मिळालं. शेजारच्या दोन घरांनीही आपापल्या फाळक्यावर पंगत मांडली. त्यांना नियम कोणी सांगितला माहीत नाही, पण ते दुसऱ्याचंच ताट भरत होते. बुफे असाच असतो, अशी आता गावाची समजूत आहे. मी ती मोडलेली नाही.

नानकटाई थोडी पसरली. तूप कोमट झालं होतं, तुम्ही असतात तर रांगेतच बोलला असतात. पन्हं आंबटाकडे झुकलं. केक माझ्या बायकोने केला. ती डोळ्यातून बघत पाटावर बसली होती तेव्हा मी तिच्याशी बोललो नाही. वीज गेली नाही, तरी मधोमध खड्डा पडला. भरला. मधे शिऱ्यासारखा, वरून आंब्याचा थोडा चिकट, कडेला खरवड.

आणखी एक सांगायचं आहे. दर वर्षी नाना मायपुढे ताट घेऊन उभे राहतात आणि विचारतात, तुले काय आवडतं. नियमच आहे. यंदा त्यांनी विचारलं नाही. सुरी घेतली, केकची कड गोल काढली, सगळीच्या सगळी, एकही तुकडा कोणाला न देता, आणि तिच्या ताटात ठेवली. माय म्हणाली, 'अहो, विचाराचं राहिलं.' नाना म्हणाले, 'मले माहीत हाय.'

तुमची सुई ओव्हनजवळच्या खिळ्याला असते. काकांना नमस्कार. ते हे पत्र ऐकून काय म्हणतील ते इथे ऐकू आलं.

आपला,
प्रभाकर"